खिडकीसमोरची पिवळी भिंत

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रंगाई कारखान्याचे मालक. त्यांच्या शेजारी बसलेले व्यवस्थापक साहेब. त्यांच्याही पलीकडे, मोठ्या खुर्चीत बसवल्यामुळे अवघडून गेलेले आजचे सत्कारमूर्ती, आपले रंगमास्तर. समोर पहिल्या रांगेत बसलेल्या मास्तरांच्या सौभाग्यवती, आपल्या काकू. हौदावरचे, भट्टीवरचे, वाळवणीवरचे आणि गोदामातले माझे सगळे भाऊ आणि बहिणी. आणि शनिवारची दुपार मोडून आलेली तुम्हा सर्वांच्या घरची मंडळी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिलेली आहेत. भाषणाची मला सवय नाही. माझं काम मुक्याने करायचं आहे. दोन कापडं शेजारी ठेवायची, बघायचं, आणि ‘हो’ नाहीतर ‘नाही’ म्हणायचं. सव्वीस वर्षं मास्तरांच्या हाताखाली मी एवढंच केलं. एवढ्या वर्षांत एका दमात चार वाक्यं बोललो असेन तर ती पगारवाढीसाठी, आणि तेव्हाही मालक म्हणाले होते, “लिहून आण.” आज लिहून आणलेलं नाही. व्यवस्थापक साहेबांनी एक कागद टाइप करून दिला होता. चांगला होता. तो मी खिशात ठेवला आहे, साहेब, राग मानू नका.

तुम्हाला वाटेल, हा माणूस निरोप द्यायला उभा राहिला आहे. मी निरोप द्यायला उभा नाही. काकूंना माहीत आहे, आणखी चार-पाच जणांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगतो. परवा सोमवारी सकाळी नऊ वाजता मास्तरांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मास्तरांना डोळा तेवढा एकच आहे. डावा तीस वर्षांपूर्वी गरम सोड्याच्या शिंतोड्याने गेला. त्याला ऊन आणि सावली एवढंच कळतं. ते ऑपरेशन थांबावं, यासाठी मी तुमच्यासमोर आलो आहे. एकट्याने सांगून पाहिलं, जमलं नाही. देवापुढे बसून पाहिलं. देवाने बहुतेक माईककडे बोट दाखवलं.

आता हे समजायला रंगाबद्दल थोडं सांगावं लागेल. घरच्या मंडळींसाठी सांगतो. हौदावरच्या लोकांनी तेवढा वेळ जांभया द्याव्यात.

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. एकच खोली, चार वर्ग, एक गुरुजी. एकदा गुरुजींनी खिडक्या लावून घेतल्या, दाराच्या फटीला बिस्किटाच्या पुड्याचा लाल कागद चिकटवला आणि फळ्यापाशी दोन खडू ठेवले. “यातला लाल कोणता, पांढरा कोणता?” आम्ही सगळ्यांनी डोळे ताणले. दोन्ही खडू एकसारखे दिसत होते. एकजण म्हणाला, “गुरुजी, तुम्ही बदललेत.” गुरुजी म्हणाले, “खडूंना हात लावलेला नाही रे, मी उजेड बदलला.” मग त्यांनी सांगितलं की उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. पान हिरवं दिसतं, कारण ते बाकीचे रंग स्वतःत मुरवतं आणि हिरवा तेवढा परत पाठवतं. पांढरी वस्तू जे येईल ते परत पाठवते. पण आलंच नाही, तर ती काय पाठवणार? नुसता लाल उजेड आला, तर पांढऱ्या खडूकडूनही लालच परत येतो.

तेव्हा मला यात गंमत वाटली. यावर आपलं पोट भरणार आहे, आणि याच गोष्टीपायी एक दिवस असं लाजेने उभं राहावं लागणार आहे, हे कुठे माहीत होतं?

कारखान्यात आलो त्या दिवशी मी नवा शर्ट घातला होता. तांबडा. पहिला दिवस म्हणून आईने मुद्दाम घेतलेला. मास्तर रंग जुळवायच्या टेबलाशी बसले होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कोण आहे?”

“मी नवीन माणूस.”

“नवीन माणसा, दोन पावलं मागे हो. तुझा शर्ट माझ्या कापडावर सांडतोय.”

मी शर्टाकडे बघितलं, कापडाकडे बघितलं. काहीच सांडलेलं नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून परत टेबलाशी आणलं, पांढरा तुकडा माझ्या पोटापाशी धरला आणि म्हणाले, “आता बघ.” तुकड्याची कड गुलाबी झाली होती. माझ्या शर्टावर पडलेला उजेड तांबडा होऊन त्या तुकड्यावर जात होता. मास्तर म्हणाले, “घरी जा, करडा शर्ट घालून ये. या खोलीत दुसरा रंग चालत नाही. आणि आईला सांग, शर्ट छान आहे.” त्या दिवसापासून माझं नाव तांबड्या पडलं. माझ्या लग्नपत्रिकेवरही त्यांनी पेनाने तेच लिहिलं होतं, ते बायकोला अजून आवडलेलं नाही.

तर त्या खोलीचा नियम तुम्हाला माहीत आहे. भिंती करड्या, अंगातले कपडे करडे, दिवा लावायचा नाही. खिडकी उत्तरेची, कारण तिच्यातून ऊन थेट येत नाही, उजेड सारखा राहतो. खालच्या काचा दुधी, म्हणजे बाहेरच्या येण्याजाण्याने नजर हलत नाही. रंग पास करायचा तो दहा ते दोन या वेळात, त्याच टेबलावर. बाहेर उन्हात कापड नेऊन बघायला मास्तर देत नसत. म्हणायचे, “ऊन दर तासाला मत बदलतं. आपण एका खिडकीचं ऐकायचं.”

ती खिडकीच खोटं बोलायला लागली तर काय करायचं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही.

आता मालक, तुमची परवानगी असो वा नसो, पुढचं सांगतो.

पाच महिन्यांपूर्वी मास्तर पंधरा दिवस रजेवर होते. लेकीचं बाळंतपण होतं. त्याच वेळी मालकांनी ठरवलं की गोदामाची मागची भिंत फार कळकट झाली आहे, रंगवून घेऊ. मला बोलावून म्हणाले, “तू रंगातला माणूस. रंग तूच निवड.” मला किती अभिमान वाटला सांगू? मी सूर्यफुलासारखा पिवळा निवडला. चाळीस फूट लांब, वीस फूट उंच भिंत. तिच्यावर दिवसभर ऊन पडतं. आणि ती भिंत उभी कुठे आहे? आमच्या उत्तरेच्या खिडकीच्या बरोबर समोर, बारा पावलांवर.

हातभर तांबड्या शर्टासाठी ज्या माणसाने मला घरी पाठवलं, त्याच्या खिडकीसमोर मी आठशे चौरस फुटांचा पिवळा शर्ट वाळत घातला.

मास्तर रजेवरून आले. टेबलाशी बसले आणि म्हणाले, “तांबड्या, खोलीत छान उजेड आलाय रे.” मी म्हटलं, “भिंत रंगवली ना.” ते म्हणाले, “बरं केलंत.” आम्ही दोघंही कामाला लागलो. डोळा फार सोशिक असतो. पिवळ्या उजेडात दोन दिवस बसलं की त्याला पांढरं पुन्हा पांढरं वाटायला लागतं. तो तक्रार करत नाही, सवय करून घेतो.

त्यानंतर शाळेच्या गणवेशाचा माल परत आला. शर्टाचं कापड आपलं होतं, कॉलरचं दुसऱ्या कारखान्यातलं. आमच्या टेबलावर दोन्ही एकजीव दिसले होते. शाळेच्या मैदानात पोरं रांगेत उभी राहिली, तर कॉलर पांढरीशुभ्र आणि शर्ट आठवडाभर न धुतल्यासारखे. मग फिका निळा परत आला. मग करडा. तीन लॉट. चाळीस वर्षांत मास्तरांचा एक लॉट परत आला नव्हता.

जे परत आले ते सगळे पांढऱ्याच्या आसपासचे आणि निळ्याच्या आसपासचे रंग होते. गडद मरून, गडद तपकिरी एकही आला नाही. यावरून माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पिवळी भिंत काय करते? उजेडातला निळा मुरवते आणि उरलेला उजेड खिडकीतून आत पाठवते. मग टेबलावर निळाच कमी. निळा कमी असला की पांढरा आणि जरासा पिवळट यांच्यातला फरक दिसणार कशाने? गुरुजींच्या खडूंसारखे दोन्ही एक दिसणार.

पण मास्तरांनी भिंतीकडे बघितलं नाही. त्यांनी स्वतःकडे बघितलं. रजेवर जाण्याआधीच डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, मोतीबिंदूची सुरुवात आहे. लॉट परत आल्यावर ते पुन्हा गेले. मी सोबत होतो. डॉक्टर सज्जन माणूस. म्हणाले, “मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. मग पांढरं आणि पिवळट यांत घोटाळा होतो. तुमचं भिंग अजून फार झालेलं नाही, वर्ष-दोन वर्षं थांबलात तरी चालेल. पण कामात रंग चुकत असतील तर काढू.” आणि पुढे म्हणाले, “दोन डोळ्यांच्या माणसाला मी लगेच हो म्हणतो. तुम्हाला एकच आहे. घरी विचारून ठरवा.”

मास्तर दारातून बाहेर पडता पडता म्हणाले, “विचारायचं काय त्यात? तीन लॉट बोलले की.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना लेखी दिलं, डोळा गेला, मला दोन वर्षं आधी मोकळं करा. मालकांनी दोनदा कागद परत केला, हे मी साक्षीने सांगतो. तिसऱ्यांदा मास्तर म्हणाले, “चुकीचा माणूस त्या खुर्चीत बसवून ठेवाल तर पाप तुम्हाला लागेल.” तेव्हा मालकांनी सही केली. आणि खुर्ची मला देऊ केली.

काकू, त्या दिवसांत घरी काय चाललं होतं ते तुम्ही मला परवा सांगितलंत, ते इथे सांगू का? तुम्ही मान हलवलीत, म्हणजे सांगतो. मास्तरांनी घरात रंगाचं नाव घेणं सोडलं. काकूंनी विचारलं, “ही साडी कशी दिसते?” तर म्हणाले, “तुला आवडली ना? मग झालं.” नातवासाठी झबलं आणायला गेले आणि दुकानदाराला म्हणाले, “तुम्हीच द्या कोणतंही.” पिकलेलं फळ निवडायलाही हात पुढे करेनात. ज्या माणसाने चाळीस वर्षं हजारो ताग्यांवर सही केली, तो फळवाल्यापुढे हात मागे बांधून उभा राहायला लागला.

आणि हे सगळं होत असताना मी रोज त्या पिवळ्या भिंतीसमोरून येत-जात होतो.

आजपासून आठ दिवसांपूर्वी, गेल्या शुक्रवारी, सुताचा एक उंच ट्रक त्या भिंतीला लागून उभा राहिला. वर करडी ताडपत्री. माल उतरवणारी माणसं आली नव्हती, म्हणून तो सकाळभर तिथेच होता. मी टेबलाशी होतो. समोर आमचा गणवेशाचा पांढरा आणि ती कॉलर. आदल्या दिवशीपर्यंत दोन्ही एक होते. त्या सकाळी पाहतो तर दोन झालेले. कॉलर पांढरी, आमचं कापड पिवळट. मला वाटलं, कुणीतरी तुकडा बदलला. पाठीवरचे आकडे बघितले, तुकडे तेच. बारा वाजता ट्रक निघून गेला, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती दोन कापडं पुन्हा एक झाली.

मी खिडकी उघडली. समोर भिंत.

आता जे सांगतो ते व्यवस्थापक साहेबांच्या कागदात नव्हतं, आणि माझ्याही तोंडून निघायला जड जातंय. मी तीन दिवस गप्प राहिलो. शुक्रवार, शनिवार, रविवार. का? मला ती खुर्ची दिसत होती. सव्वीस वर्षं तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो आहे. मनात म्हणालो, मास्तरांनी स्वतःहूनच सोडली आहे, वयही झालं आहे, ऑपरेशन कधीतरी करावंच लागणार. रविवारी देवापुढे हात जोडले तर तोंडातून नेहमीचे शब्दच येईनात. चोराने पोलिसाला नमस्कार करावा तसं झालं.

सोमवारी मास्तरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर हसले आणि म्हणाले, “तांबड्या, मला बरं वाटावं म्हणून दोष बिचाऱ्या भिंतीच्या गळ्यात मारू नकोस.” मी शपथ घेतली. म्हणाले, “शपथा जपून वापर, अजून नोकरीची दहा वर्षं आहेत.” खिडकीशी चला म्हटलं, तर म्हणाले, “ज्या डोळ्याने चुकलो, त्याच डोळ्याने तपासू? न्यायाधीश आणि आरोपी एकच?” मग व्यवस्थापक साहेबांकडे गेलो. त्यांनी खरंच मनावर घेतलं, पण म्हणाले, “आदेश निघाला, हॉल ठरला, आता सोमवारनंतर बघू.” साहेबांना तेव्हा ऑपरेशनचं माहीत नव्हतं. सोमवारनंतर बघायला काय उरेल, साहेब? डॉक्टरांनी सांगितलं आहे, सगळं नीट झालं तरी आतलं भिंग बदललं की रंग आधीसारखे दिसतील असं नाही. आणि नीट झालंच नाही, तर? सगळ्या कारखान्यात ज्याला खरं दिसत होतं तो डोळा, एका भिंतीच्या गुन्ह्यासाठी, सुरीखाली जाणार. भिंत मी रंगवलेली.

म्हणून आज सकाळी मी मास्तरांना फसवलं. मास्तर, रागवायचं तर थोडं थांबून रागवा. भट्टीवरच्या दोघांनी पहाटेच गोदामाच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत करड्या ताडपत्र्या सोडल्या. मास्तर आणि काकू पुढच्या फाटकाने आले, त्यांना दिसलं नाही. मी म्हटलं, एकदा शेवटचं टेबलाशी बसा. बारा जोड्या काढून ठेवल्या होत्या, पांढरे, फिके निळे, करडे. काही एकाच लॉटचे, काही वेगवेगळ्या; जोडीतला रंग एकच की दोन, एवढंच सांगायचं. मास्तर नाही म्हणत होते. काकू म्हणाल्या, “बसा की, त्याचं मन मोडू नका. आपला कुठे निकाल लागायचाय?” मास्तर बसले. अर्ध्या तासात बारा जोड्या तपासल्या आणि उठताना म्हणाले, “सगळं चुकलेलं असेल. फेकून दे.”

फेकलं नाही. जोड्या गोदामाच्या ताईंनी निवडल्या होत्या, पाठीवर आकडे त्यांनी घातले, मास्तरांनी काय सांगितलं तेही त्यांनीच लिहून घेतलं. निकाल मी मुद्दाम विचारलेला नाही. मला माहीत असता तर मास्तर म्हणाले असते, यात तुझा हात आहे. त्यामुळे या क्षणी ताईंशिवाय कुणाला काही ठाऊक नाही. चुकलं असेल तर तेही इथेच कळेल, आणि एका म्हाताऱ्या माणसाची त्याच्याच समारंभात मी शोभा केली असं होईल. ते ओझंही मी घेतो. मला दुसरा रस्ता सापडला नाही.

ताई, उभ्या राहून सांगा. मोठ्याने. बारापैकी किती?

अकरा.

थांबा, टाळ्या थांबवा, कृपा करून. मास्तर काहीतरी म्हणताहेत. माईक तिकडे न्या. काय म्हणालात, मास्तर?

मागच्या लोकांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. मास्तर विचारताहेत, “चुकली ती सातवी का?”

ताई?

ताई म्हणताहेत, होय, सातवी.

मास्तर म्हणतात, “तिथे मला शंका होती. तीनदा फिरवून बघितली होती.”

मंडळी, ज्याचा डोळा गेला आहे, त्याला आपण कुठे चुकलो हे कळतं का? मला सांगा. मला तर सातवीत काही शंका येण्यासारखं आहे, हेच दिसलं नव्हतं.

मला आणखी काही बोलायचं नाही. सोमवारचं काय करायचं ते मास्तरांनी आणि काकूंनी ठरवावं, डॉक्टरांना सगळं सांगून ठरवावं. काकू पिशवीत फोन शोधताहेत असं दिसतंय. मालक, खुर्चीचं जे काही करायचं ते तुम्ही करा. मला स्टूल पुरे आहे.

मालकांनी आणि व्यवस्थापक साहेबांनी मध्ये न थांबवता बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी दहाच्या जागी दुप्पट मिनिटं सोसलीत, याबद्दल आभारी आहे. बोलण्यात वेडंवाकडं काही आलं असेल तर ते मोठ्या मनाने पोटात घाला. भिंतीची चूक मात्र पोटात घालू नका. मी उद्या सकाळी सात वाजता शिडी घेऊन तिथे असेन. करडा रंग मास्तरांनीच पास करायचा आहे. मास्तर, याल ना?